साडेसहाचा डबा

केवलराम मेश्रामला गँगमध्ये कोणी नावानं हाक मारत नसे.

"ए एकटाइम, दोरी सोड!"

"एकटाइमले पाठव ना बे वर, त्याले कुठं दम लागते!"

पंचवीसेक खलाशांची ती गँग, जहाजावरचे नव्हेत, लोखंड उभारणारे. नव्या शेडचे लोखंडी खांब उभे करायचे, त्यांवर गर्डर चढवायचे, वर बसून नट-बोल्ट आवळायचे. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या भट्ट्या पेटून तीन वर्षं झाली होती आणि आता वाढीव कामाची घाई चालली होती. अशा गँगमध्ये माणसाला नाव पडतं ते त्याच्या खोडीवरून. एकाचं नाव झोपाळू, एकाचं बडबड्या. केवलरामचं नाव तेवढं कौतुकाचं. गडी दिवसातून एकदाच जेवतो, तेही रात्री घरी जाऊन, आणि तरी शिडीवर खारीसारखा चढतो! नवा माणूस गँगमध्ये आला की टिकाराम त्याला ओढत आणून दाखवायचा, "हे पाह्य, हा एकटाइम. पहलवानी खुराक. तू तीनदा खातो अन् पाय लटलट करते तुहे."

हे कौतुक सगळं खोटं होतं, आणि ते फक्त केवलरामला ठाऊक होतं.

अठ्ठावन्न साली तो तुमसरजवळच्या आपल्या गावातून भिलाईला आला तेव्हा अंगात गावच्या आखाड्यातलं बळ होतं आणि मनात दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन घेतलेली दीक्षा. दीक्षेहून परतल्यावर त्यानं घरातले देव बापाच्या देखत वैनगंगेत सोडले होते. बाप काठावर उभा राहून म्हणाला होता, "आता आपन कोन, केवल?" त्यावर "मानूस," असं हा छाती काढून म्हणाला होता. वय वर्षं बावीस. त्या वयात असं उत्तर पटकन देता येतं.

भिलाईतल्या पहिल्याच पंधरवड्यात, पायाच्या खोदकामावर, दुपारी सात-आठ जण डबे घेऊन सावलीला बसले होते. विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या यंत्रावर, काम करणाऱ्या दौलतरावांनी सहज विचारलं, "मेश्राम म्हंजे? गावात कोन्या अंगाले घर तुमचं?"

केवलरामनं गावाबाहेरची आपली वस्ती सांगितली. लपवायचं काय त्यात?

"असं, असं," दौलतराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. त्यांनी आपला पाण्याचा लोटा उचलला, डबा उचलला आणि चार हात पलीकडे जाऊन पाठमोरे बसले.

दुसरं कोणी उठलं नाही. मुकादम चिंधूभाऊ घास चावत राहिला. टिकाराम पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. केवलरामच्या हातात डब्याचं झाकण होतं, ते त्यानं परत लावलं.

"कावून गा?" टिकारामनं विचारलं. "जेवत नाईस?"

"मी एकच टाइम जेवतो," केवलराम म्हणाला. "रात्री. आखाड्याची शिस्त हाय आमची."

"मंग डबा कायले आनला?"

"आज चुकून आला."

तोंडातून निघालं ते निघालं. दुसऱ्या दिवशी डबा काढला तर कालचं खोटं ठरणार होतं. तिसऱ्या दिवशी काढला तर दोन दिवसांचं. आठवड्यात त्याला नाव पडलं, महिन्यात कीर्ती झाली, आणि पुढं पुढं त्या कीर्तीच्या आत बसून राहणं त्याला बरंही वाटायला लागलं. जो जेवतच नाही त्याच्या शेजारून उठून जाणार कोण?

डबा मात्र रोज घरून निघायचा. जर्मनचा, तीन कप्प्यांचा. तो पिशवीत घालून केवलराम सायकल स्टँडवरच हँडलला अडकवून ठेवायचा. साडेपाचला सुट्टी झाली की कामगारांच्या कॅम्पच्या रस्त्यावर, नाल्यावरच्या पुलियाच्या कठड्यावर बसून खायचा आणि रिकामा डबा घेऊन घरी. तोवर फारसं बिघडलं नव्हतं. उन्हातान्हाचं काम, मोकळी हवा, संध्याकाळचं जेवण. गावाकडं सगळे दिवेलागणीलाच जेवायचे, तसंच हे.

बिघडलं ते गँग दुसऱ्या पाळीत टाकली तेव्हापासून. दुपारी दोन ते रात्री दहा, सलग दीड वर्ष.

आता पुलियावर यायला सव्वादहा वाजत. अंधारात, खालून वाहणाऱ्या नाल्याच्या वासात, तो गार भात, लाखोळीच्या डाळीचं बेसन, जवसाची चटणी, एखादी भाकर असं भराभरा पोटात ढकलायचा. आदल्या रात्रीपासून पोटात चहाशिवाय काही गेलेलं नसायचं, त्यामुळं भूक अशी असायची की चव कळायच्या आत डबा संपायचा. मग तोंड धुऊन सायकलवर बसायचा आणि अकराच्या सुमाराला घरी पोचायचा. घरी मथुरा उपाशी बसलेली असायची.

"आलात? पानी ठेवलं हाय पाय धुवाले."

"तू जेवली का?"

"रोजचं काय विचारता? तुमच्या आधी मी कशी जेवन?"

मथुराच्या आईनं ही रीत पाळली होती, आजीनं पाळली होती. देव नदीत गेले तरी ही रीत गेली नव्हती. आणि मथुराला त्यात जुलूम असा वाटतच नसे. दिवसभर खोलीत एकटी, कडेवर सात महिन्यांची ललिता, आजूबाजूला तेलुगू, उडिया, छत्तीसगढी बोलणाऱ्या बाया. रात्री अकराला नवऱ्यासमोर ताट घेऊन बसणं हाच तिचा दिवसातला बोलायचा वेळ. चिमणीच्या उजेडात ती गरम भात वाढायची, वर तुरीचं वरण, आणि कॅम्पातली सगळी बातमी.

एकदा केवलराम म्हणाला होता, "आज भूक नाई मले. तू घे जेवून."

"मंग मलेबी नाई," म्हणून तिनं ताटं झाकली आणि निजली. मध्यरात्री ललिता दुधासाठी रडरड रडली. उपाशी आईला दूध कुठून येणार? त्या रात्रीपासून केवलराम गुपचूप दुसऱ्यांदा जेवायला लागला. साडेअकराला हात धुवायचा, पावणेबाराला आडवा.

आणि तीनला उठून बसायचा. छातीत जळायचं, घशाशी आंबट यायचं. भिंतीला टेकून तो उजाडेपर्यंत बसून राही. सकाळी जीभ जड, पोट दगड, जेवायची इच्छा नाही. एक कप चहा घेऊन बाराच्या पुढं निघायचं आणि पुन्हा रात्री सव्वादहापर्यंत कोरडं. दिवसभर पोट रिकामं, रात्रभर तट्ट. दीड वर्षात त्यानं उंचीवर बांधायच्या पट्ट्याला, आखूड पडायला लागला म्हणून, टोकाकडं खिळ्यानं तीन नवी भोकं पाडली होती.

पावसाळा संपता संपता नोटीस लागली. ठेकेदाराकडच्या खलाशांमधून काही जण कायम होणार. उंचीवर काम करणारे वेगळे, जमिनीवरचे वेगळे. उंचीवाल्यांना आधी डॉक्टरी फिटनेस. गँगमध्ये याला दोनच शब्द पडले, वर आणि खाली. वरचा तो खलाशी, खालचा तो दोरी धरणारा.

"एकटाइमचं तं लिहूनच ठेवलं असन," टिकाराम म्हणाला. "डॉक्टर याले पाह्यन अन् म्हनन, पहलवान, तुमीच बसा माह्या खुर्चीत."

मथुरानं तर त्याच आठवड्यात शेजारणीबरोबर जाऊन सेक्टर सहामधले क्वार्टर पाहून घेतले. रात्री वाढता वाढता सांगत होती, "नळ घरातच हाय जी! मोरीत! तोटी पिरगाळली का पानी. अन् मांगं एवढी जागा का वांगी लावा, वाल लावा. वरचे लोक झाले का भेटते म्हने क्वार्टर."

"भेटन," केवलराम म्हणाला आणि तिनं आनंदाच्या भरात त्याच्या ताटात आणखी वाटीभर भात वाढला.

दवाखान्यात काट्यावर उभा राहिला तेव्हा कंपाउंडरनं वजन वाचलं, एकशे सदुसष्ट पौंड. डॉक्टरांनी जुनं कार्ड पाहिलं. कामाला लागला तेव्हा एकशे बत्तीस.

"पैंतीस पौंड कहाँ से लाए?" डॉक्टर म्हणाले. "चलो, इस स्टूल पर चढो, उतरो. तीन मिनट. रुकना नहीं."

हातभर उंचीचं लाकडी स्टूल. ऐंशी फुटांच्या शिडीवर चढणारा माणूस त्या स्टुलाकडं पाहून मनात हसला. पहिलं मिनिट गेलं. दुसऱ्यात पिंढऱ्या भरून आल्या. अडीचाव्या मिनिटाला तोंड आपोआप उघडलं आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. डॉक्टरांनी मनगट धरलं, दंडाला पट्टा बांधून फुगवला, हवा सोडली, पुन्हा फुगवला.

"रात को खाना कितने बजे?"

"साब, मैं एकही टाइम..."

"गिनती नहीं पूछी. टाइम पूछा."

"ग्यारा."

"सोते कब हो?"

"साडेग्यारा... पावनेबारा."

"छाती जलती है? उठके बैठना पड़ता है?"

हे या माणसाला कसं कळलं? ती तीन वाजताची भिंत त्यानं मथुरालाही कधी सांगितली नव्हती, पाणी प्यायला उठलो म्हणून सांगायचा.

डॉक्टर लिहिता लिहिता बोलत होते. ड्यूटीवर संध्याकाळी पोटभर खायचं. रात्री घरी गेल्यावर काही नाही, फार तर पेलाभर दूध. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. पोट भरून झोपणाऱ्याचं शरीर रात्रभर राबतं आणि दिवसा उंचीवर दगा देतं. "प्रेशर बढ़ा हुआ है. अभी अनफिट. तीन महीने बाद फिर आओ. नहीं सुधरा, तो ऊपर का काम भूल जाओ."

बाहेर टिकाराम वाट पाहत होता. त्याला 'वर' मिळालं होतं. "काय गा? वर ना?"

"तीन महिन्यानं बोलावलं. मशीन बिघडली होती."

आणखी एक खोटं. आता एवढ्यात आणखी एकानं काय होतंय?

मथुराला मात्र 'अनफिट' हा शब्द सांगावा लागला. तिनं तो दोनदा म्हणून पाहिला. मग तिनं जे ऐकायचं ते ऐकलं. नवऱ्याला दम लागतो, म्हणजे अशक्तपणा आलाय.

दुसऱ्या रात्री ताटात दोन अंडी होती, भातावर तुपाची धार होती.

"हे काय?"

"खा चुपचाप. अंगात ताकद नाई म्हने डॉक्टर."

"तसं नाई म्हनला तो. रात्री जेवू नको म्हनला. संध्याकाळीच खा म्हनला."

"संध्याकाळी खाताच ना तुमी? डबा काय भिंत खाते?" मथुरा हसली. "रोज पुसल्यावानी रिकामा येते डबा. त्यावर रात्रीचे दोन गरम घास नाई खायचे तं मानूस टिकन कसा? त्या डॉक्टरले बायको नसन."

इथंच केवलरामनं सांगायला हवं होतं. त्यानं अंडं तोंडात घातलं.

त्यानं दुसरे उपाय करून पाहिले. एकदा पुलियावर डबा कुत्र्यापुढं ओतला. कुत्रं शेपटी हलवत खात होतं आणि केवलरामला सकाळी पाठीला पोर बांधून पाट्यावर चटणी वाटणारी मथुरा दिसत होती. पुन्हा ते त्याच्यानं झालं नाही. एकदा साडेसहाच्या जेवणाच्या सुट्टीत पाइपांच्या ढिगामागं लपून खायला बसला, तर लघवीला आलेल्या टिकारामनं हाक मारली आणि यानं घाबरून डबा पायानं लोटला. सगळा भात वाळूत. महिना गेला. वजनकाट्यावर न चढताही त्याला कळत होतं, पट्ट्याचं भोक तेच होतं.

दिवाळीनंतरची गोष्ट. रात्रीचे आठ वाजले होते. मोठे दिवे लागले होते, वर गर्डरवर केवलराम एका हातानं खांब धरून पान्यानं बोल्ट आवळत होता. पोटात सकाळचा चहा. गार वारा सुटला होता तरी त्याच्या मानेवर घाम आला. दिव्यांभोवती पिवळी वलयं फिरायला लागली, मग वलयं काळी झाली. किती वेळ? तीन श्वासांएवढा. डोळे उघडले तेव्हा तो दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारून होता आणि हातात पाना नव्हता.

खालून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ टिकारामची आरोळी.

"बे! माह्या बायकोचं कुकू पुसतो का आज?"

खाली कोणीतरी हसलं. केवलराम एकेक पायरी चाचपत उतरला तेव्हा टिकाराम बिडी पेटवायचा प्रयत्न करत होता आणि तीन काड्या संपल्या तरी बिडी पेटत नव्हती. पाना त्याच्या पायापासून तीन हातांवर, जमिनीत अर्धा रुतलेला.

चिंधूभाऊ गँगचा मुकादम. जाडजूड मिशांचा, कमी बोलणारा. त्यानं केवलरामला विंचच्या मागं नेलं.

"दारू पेला का?"

"नाई भाऊ. मी कधी घेतो का?"

"मंग?"

"चक्कर आली."

"कावून आली?"

चार वर्षं उपयोगी पडलेलं खोटं त्या रुतलेल्या पान्यापुढं उभं राहीना. "उपाशी होतो, भाऊ," तो म्हणाला. "मी एकटाइम-बिकटाइम काई नाई. डबा रोज असते माह्या सायकलले. इथं उघडत नाई मी."

"कावून?"

"पायाच्या कामावर होतो तेव्हा दौलतराव उठून गेले ना माह्या बाजूतून. लोटा घेऊन. तुमी होते तेथं."

चिंधूभाऊनं कपाळाला आठ्या घातल्या. "कधी?"

"अठ्ठावनमधी. बोरीच्या झाडाखाली. तुमच्या डब्यात त्या दिवशी वांग्याचं भरीत होतं."

"मले नाई आठवत बावा," चिंधूभाऊ म्हणाला.

तो खरं बोलत होता, हे केवलरामला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. ज्या एका दुपारपायी यानं चार वर्षं अशी काढली, ती या माणसाच्या डोक्यात कुठं उरलीच नव्हती.

"आठवलं असतं तरी मी काय केलं असतं, तेबी सांगता येत नाई," चिंधूभाऊ थांबून म्हणाला. "पन टिक्या आज मेला असता. उपाशी मानूस मी वर धाडत नाई. उद्या साडेसहाच्या सुट्टीत मी पाह्यन. डबा उघडला तं तू वर. नाई उघडला तं खाली, अन् कावून खाली ते कागदावर लिहून देईन साहेबाले."

त्या रात्री केवलराम पुलियावर थांबला नाही. भरलेला डबा घेऊन घरी गेला आणि ओट्यावर ठेवला. मथुरानं उचलला, तर जड.

"आज खाल्लं नाई?"

"इथं बस, मथुरा. वाढू नको."

त्यानं सांगितलं. दौलतरावांचा लोटा, आखाड्याची शिस्त, पुलिया, रोजची दोन जेवणं, कुत्रं, वाळूतला भात, आजचा पाना. सांगताना तो ललिताच्या पाळण्याकडं पाहत होता.

"म्हंजे माह्या हातचं जेवन तुमी चोरावानी अंधारात खात होते," मथुरा म्हणाली.

"मथुरा..."

"थांबा. मी इथं शेजारनीले सांगतो का आमच्या यांच्या गँगमधी मद्राशी, बंगाली, समदे एका जागी जेवते. अन् तुमी नाल्यावर? देव बुडवून आले ना तुमी? मोठी आरोळी ठोकली होती ना बापापुढं, मानूस म्हनून?"

"तुले काय ठाऊक कसं वाटते ते."

"मले नाई ठाऊक?" ती उसळली. "माह्या मायनं सरकारी विहिरीवर चार-चार घंटे वाट पाह्यली हाय, कोनी वरून पानी ओतन म्हनून. मले नाई ठाऊक! पन तिनं घागर घरी लपवून नाई ठेवली. रोज घेऊन जात होती."

ललिता जागी झाली. मथुरानं तिला मांडीवर घेतलं, पदराखाली धरलं. राग गेला नव्हता, पण आवाज खाली आला.

"उद्यापासून मी साडेसहाले जेवन," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"साडेसहाची पॅशिंजर गेली का ताट वाढून घेईन. तुमी तिकडं डबा उघडला असन असं धरून. तुमी उघडला तं आपन संगं जेवलो. नाई उघडला," ती थांबली, "तं मी तुमच्या आधी जेवली. आजवर कधी जेवली नाई. ते तुमच्यावर."

केवलरामला चिंधूभाऊचा कागद त्यापुढं हलका वाटला.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला गँग वाळूच्या ढिगाजवळ बसली. केवलराम पिशवी घेऊन आला आणि चिंधूभाऊच्या बाजूला बसला. डब्याची कडी घट्ट होती. एका हातानं निघेना, दुसरा लावावा लागला.

"अरे, अरे!" टिकाराम ओरडला. "एकटाइम बाटला रे! आता याले काय म्हनायचं, डबलटाइम?" मग आपल्याच बोलण्यावर हसत तो पुढं सरकला. "काय हाय पाहू?"

"भाकर. चटनी."

समोर दौलतराव बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. घास संपवला, लोटा उचलला, डबा उचलला आणि विंचकडं चालायला लागले.

हसणं थांबलं. टिकारामचं तोंड अर्धं उघडं राहिलं. या वेळी सगळ्यांनी पाहिलं, चिंधूभाऊनंही पाहिलं. आता त्याला आठवत नाही असं म्हणता येणार नव्हतं. केवलरामनं भाकर मोडली. मोठा घास केला. पाण्याबरोबर गिळला. दुसरा केला. दूर रुळांवरून गाडीचा आवाज आला आणि यानं तिसरा केला.

"चटनी इकडं दे थोडी," टिकाराम म्हणाला. त्याच्या आवाजात नेहमीची मस्करी नव्हती आणि मोठेपणाही नव्हता. हात पुढं केलेला होता. केवलरामनं डबा सरकवला. टिकारामनं बोटानं चटणी घेतली, चाटली आणि म्हणाला, "जवसाची. तिखट हाय बे." एवढंच.

दौलतराव पुढंही रोज लांबच बसले. ते बदलले नाहीत, त्यांना कोणी बदलायला गेलं नाही. केवलरामला रोज ते उठतानाचं दिसायचं आणि रोज पहिला घास गिळायला जड जायचा. पण दुसरा जायचा.

रात्री घरी आता ताट नसे. मथुरा जेवून, पोरीला निजवून, आपणही निजलेली. चुलीजवळ झाकलेलं पेलाभर दूध. पहिले कितीतरी दिवस केवलरामला या घरात शिरल्यावर काय करावं कळेना. भूक नव्हती, पण सवय होती. दूध पिऊन तो अंगणात फेऱ्या मारायचा. कधी खाट वाजवायचा, मुद्दाम, की तिनं उठून कॅम्पातली बातमी सांगावी. ती कूस बदलून म्हणायची, "निजा आता, सकाळी सांगतो." तीन वाजताची जळजळ दुसऱ्या महिन्यात थांबली. गप्पा मात्र बंद झाल्या त्या झाल्याच. सकाळी पोर, पाणी, डबा. सकाळ काही कोणासाठी थांबत नाही.

तीन महिन्यांनी काट्यानं एकशे बावन्न दाखवलं.

"अच्छा!" डॉक्टर म्हणाले. "पंद्रह पौंड. क्या किया?"

"ड्यूटी पे खाया, साब."

स्टूल समोर आलं. या वेळी केवलराम मनात हसला नाही. पहिलं मिनिट, दुसरं, तिसरं. श्वास चढला पण फुटला नाही. तो स्वतःहून हात पुढं करून उभा राहिला. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला. पुन्हा फुगवला. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा का, म्हणून केवलराम त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिला.

"दम ठीक है. वजन भी आ जाएगा," डॉक्टर सावकाश म्हणाले. "लेकिन प्रेशर नहीं उतरा. कभी ऊपर चक्कर आया?"

खोटं बोलायला एक श्वास पुरला असता. केवलरामच्या डोळ्यांपुढं जमिनीत रुतलेला पाना आला.

"आया, साब. एक बार."

डॉक्टरांनी पेन उचललं. फिट, असं त्यांनी लिहिलं, आणि पुढं एक ओळ, उंचीचं काम नाही. वर्षानं पुन्हा तपासणी. "चार साल बिगाड़ा है शरीर को," कागद देताना ते म्हणाले. "तीन महीने में सब वापस नहीं देगा."

टिकाराम फाटकाशी सायकल धरून उभा होता. "वर ना?"

"खाली."

टिकारामनं केवलरामच्या हातातली पिशवी घेऊन आपल्या हँडलला अडकवली. "चाल. पाळीले उशीर होऊन राहिला."

त्या रात्री केवलराम घरी आला तर मथुरा जागी होती. उठून बसली होती, केस मोकळे, डोळे झोपेनं जड.

"काय लिहिलं?"

"कायम झालो. पन खाली. दोरी धरायची. वर्षभर तरी."

"क्वार्टर?"

"वरवाल्याइले आधी. आपला नंबर मांगं गेला."

मथुरानं मान हलवली. मग म्हणाली, "खरं सांगितलं का डॉक्टरले? चक्कर आलती ते?"

"हो."

"कावून सांगितलं?" हे तिनं रागानं विचारलं की नुसतंच, ते अंधारात त्याला कळलं नाही.

"त्या दिवशी टिक्या होता ना खाली," केवलराम म्हणाला.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग सरकून खाटेवर जागा केली आणि चुलीकडं बोट केलं. "दूध प्या. पिऊन लगेच निजू नका, बसा थोडं. मी बसतो संगं."

तो पेला घेऊन तिच्याजवळ बसला. बाहेर, दूर, नव्या शेडवरचे दिवे दिसत होते. तिसऱ्या पाळीचे लोक वर चढले असतील.

"आज लल्लीनं काय केलं ठाऊक हाय का?" मथुरानं विचारलं.